एकट्याने गाडी घेऊन उत्तरेच्या रानात: युकॉन आणि अलास्काच्या प्रवासाची तयारी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डॉसन क्रीक या गावी अलास्का महामार्ग सुरू होतो आणि सुमारे २,२०० किलोमीटर अंतर कापून अमेरिकेच्या अलास्का राज्यात डेल्टा जंक्शन येथे संपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने तो अवघ्या काही महिन्यांत काढला. आज त्याचा जवळजवळ सगळा भाग डांबरी आहे आणि साध्या मोटारीनेही तो पार करता येतो. त्यामुळे या प्रवासाला फार मोठे धाडस लागते अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी. मात्र गाडी बंद पडल्यास मदत किती तासांत पोहोचेल, हा प्रश्न इथे प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावा लागतो. दोघे असतील तर एक जण गाडीपाशी थांबतो आणि दुसरा येणाऱ्या वाहनातून पुढच्या वस्तीवर जातो. एकट्याला ही सोय नसते. म्हणून एकट्याने निघणाऱ्याने नकाशावरचे अंतर किलोमीटरांत न वाचता मदतीच्या तासांत वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुढची सगळी तयारी मी याच हिशेबाने सांगत आहे.

मोसम आणि मार्ग

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ खडीच्या रस्त्यांवरच्या प्रवासाला योग्य असतो. त्याआधी नद्यांवरचे बर्फ फुटत असते आणि गाड्या नदीपार नेणारे तराफे सुरू झालेले नसतात. नंतर हिम केव्हाही पडू शकते. जून आणि जुलैमध्ये ध्रुववृत्ताच्या उत्तरेच्या इनुविकसारख्या गावी जवळजवळ आठ आठवडे सूर्य मावळतच नाही. हा अखंड उजेड एकट्या प्रवाशाला मोठा आधार वाटतो आणि तो आधार आहेही, परंतु रात्री अकरा वाजता उजेडात गाडी चालवताना थकवा लक्षात येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच थांबण्याची वेळ ठरवून ठेवावी आणि आकाशाकडे न पाहता घड्याळाकडे पाहून थांबावे. मला स्वतःला ऑगस्टचा उत्तरार्ध अधिक पसंत आहे. तोवर डासांचा जोर ओसरलेला असतो, टुंड्रावरची खुरटी झुडपे तांबडी-पिवळी होऊ लागतात, आणि रात्री पुन्हा पुरेशा काळोख्या झाल्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता असते. जून-जुलैमध्ये जाणाऱ्याने तोंडावर घ्यायची बारीक जाळी आणि अंगाला लावायचे डासविरोधी औषध न विसरता घ्यावे. शेवाळाळ जमिनीवर दहा मिनिटे थांबले तरी डासांचे थवे इतके अंगावर येतात की टायर बदलण्यासारखे साधे काम हाती घेववत नाही.

वणव्यांचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी असलेल्या यलोनाइफ गावातील सुमारे २०,००० लोकांना वणव्यामुळे घरे सोडावी लागली होती. असे वणवे महामार्ग काही तास किंवा काही दिवस बंद पाडतात. म्हणून सकाळी निघण्यापूर्वी कॅनडाच्या युकॉन या प्रदेशाची ५११ सेवा, ब्रिटिश कोलंबियाची ड्राइव्हबीसी सेवा आणि अलास्काची ५११ सेवा यांवर रस्त्याची स्थिती पाहावी आणि वेळापत्रकात तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत.

मार्ग साधारण असा आखता येतो: डॉसन क्रीकहून फोर्ट नेल्सन, लिआर्डचे गरम पाण्याचे झरे, वॉटसन लेक, आणि सुमारे १,४०० किलोमीटरवर युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स; तेथून क्लोंडाइक महामार्गाने सुमारे ५३० किलोमीटरवरील डॉसन सिटी; तेथून डेम्प्स्टर महामार्गाने उत्तर ध्रुवीय महासागरापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत; मग युकॉन नदी तराफ्याने ओलांडून टॉप ऑफ द वर्ल्ड महामार्गाने अलास्कात; डेनाली आणि रॅंगल-सेंट एलियास ही उद्याने पाहून क्लुआनीमार्गे पुन्हा व्हाइटहॉर्स. यासाठी पाच आठवडे हाताशी असावेत. तीनच आठवडे असतील तर डेम्प्स्टर किंवा अलास्का यांपैकी एकच निवडावे. दोन्ही घाईने उरकण्याच्या प्रयत्नात एकटा माणूस रोज आठ-दहा तास गाडी चालवतो आणि पाहायचे ते राहून जाते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. आपल्या वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ ठेवावा. भाड्याची गाडी असेल तर खडीच्या रस्त्यावर नेण्याची आणि सीमा ओलांडण्याची परवानगी करारात स्पष्ट लिहून घ्यावी, कारण अनेक करारांत खडीचा रस्ता वर्ज्य असतो आणि तेथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. टॉप ऑफ द वर्ल्ड महामार्गावरील सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा उघडी असते. उन्हाळ्यात अलास्काचे घड्याळ युकॉनच्या एक तास मागे असते, हे तिथे पोहोचण्याच्या हिशेबात धरावे.

गाडी, टायर आणि इंधन

चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असली तर उत्तम, परंतु तिच्यापेक्षा चांगले टायर अधिक महत्त्वाचे आहेत. जाड भिंतीचे, ट्रकसाठी बनवलेल्या प्रकारातले टायर घालावेत आणि एकाऐवजी दोन पूर्ण मापाच्या स्टेपन्या सोबत घ्याव्यात. छोटी तात्पुरती स्टेपनी या रस्त्यांवर कामाची नाही. पंक्चर काढण्याचे साहित्य, बॅटरीवर चालणारा हवा भरण्याचा पंप, हवेचा दाब मोजण्याचे साधन, फावडे, ओढण्याचा दोर, बॅटरी चालू करून देणारा जंप स्टार्टर, जादा फ्यूज आणि इंजिन ऑइल एवढे सामान एकट्याकडे असलेच पाहिजे.

टायर बदलणे ही गोष्ट सर्वांना येते असे आपण धरून चालतो. डेम्प्स्टरवर माझे मागचे टायर फाटले तेव्हा मोठा आवाज वगैरे काहीच झाला नाही. गाडीचा मागचा भाग किंचित डोलू लागला, एवढेच. उतरून पाहिले तर टायरच्या भिंतीला बोटभर लांबीची चीर पडली होती. जॅक लावला तर त्याचा तळ ओल्या खडीत रुतू लागला, आणि गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. शेवटी स्वयंपाकाची जाड लाकडी पाटी त्याच्याखाली घातली तेव्हा काम झाले, आणि पाटी मधोमध चिरली. तेव्हापासून मी दीड फूट लांबीची जाड फळी जॅकला बांधूनच ठेवतो. चाकाचे नट गॅरेजमध्ये यंत्राने इतके आवळलेले असतात की हाताच्या पान्याने ते हलत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी घराच्या दारात एकदा चारही चाके स्वतः काढून पाहावीत आणि पान्याच्या दांड्यावर चढवण्यासाठी हातभर लांबीची लोखंडी नळी सोबत घ्यावी. दोन्ही स्टेपन्या अशा जागी ठेवाव्यात की त्या काढण्यासाठी सगळे सामान पावसात उतरवावे लागणार नाही.

इंधनाचा नियम साधा आहे: टाकी अर्धी झाली की पुढे पंप आहे की नाही याचा विचार न करता जो पहिला पंप दिसेल तिथे भरावी. नकाशावर दाखवलेली एखादी धाब्यासारखी जागा त्या वर्षी बंद असू शकते. डेम्प्स्टरवर सुरुवातीच्या फाट्यापासून सुमारे ३७० किलोमीटरवर ईगल प्लेन्स येथे पहिला पंप मिळतो. वीस लिटरचा एक भरलेला कॅन जवळ असावा आणि तो माणसे बसतात त्या भागात ठेवू नये. दुर्गम ठिकाणी कार्डाचे यंत्र बंद पडते, म्हणून कॅनडाचे आणि अमेरिकेचे डॉलर रोख स्वरूपात बाळगावेत.

युकॉनमध्ये महामार्गावर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि धुळीत हा नियम का केला ते लगेच कळते. समोरून ट्रक येताना वेग कमी करून उजव्या कडेला सरकावे. त्याच्या चाकांतून उडणाऱ्या खड्याचा मारा आपल्या काचेवर किती जोराने बसेल हे दोन्ही वाहनांच्या वेगावर अवलंबून असते. काचेला खडा लागून टवका उडाला तर त्याच दिवशी तिथे चिकटद्रव भरावा, नाहीतर थंड रात्रीनंतर तडा काचभर पसरतो. क्लुआनी सरोवराच्या पुढे, अलास्काच्या सीमेकडे जाताना, रस्त्याखालची कायम गोठलेली जमीन वितळून डांबर लाटांसारखे वरखाली झालेले आहे. तिथे कडेला लावलेले छोटे झेंडे दिसताच वेग उतरवावा.

डेम्प्स्टर

या प्रवासातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त तयारी मागणारा भाग हा आहे. डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर सुरू होणारा हा रस्ता सुमारे ७४० किलोमीटरवर इनुविकला पोहोचतो आणि तेथून, नोव्हेंबर २०१७ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १४० किलोमीटरच्या रस्त्याने, टुक्टोयाक्टुक येथे महासागराच्या काठी जातो. खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून संपूर्ण रस्ता खडीच्या जाड थरावर, भोवतालच्या टुंड्रापेक्षा उंच बांधलेला आहे. त्यामुळे त्याच्या कडा मऊ आणि उताराच्या आहेत. छायाचित्रासाठी कडेला गाडी घेण्याचा मोह टाळावा आणि ठरवून दिलेल्या रुंद जागीच थांबावे. धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले कॅल्शियम क्लोराइड पावसात चिखलासारखे निसरडे होते. अशा वेळी ताशी ४०-५० किलोमीटरने चालवावे किंवा सरळ मुक्काम करावा.

पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या तराफ्यांनी ओलांडाव्या लागतात. तराफ्यांना पैसे पडत नाहीत, पण नदीचे पाणी फार चढले तर ते थांबतात. त्यामुळे इनुविकला पोहोचलेल्या माणसाकडे दोन-तीन दिवसांचा जादा शिधा असावा. टूमस्टोन उद्यानातील काळे सुळके पहिल्या ७०-८० किलोमीटरांतच दिसू लागतात. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने तिथेच दोन रात्री राहून परत फिरावे, आणि त्यात काही उणे राहिले असे मानू नये.

परत फिरण्याविषयी या रस्त्याच्या नावातच एक गोष्ट दडलेली आहे. डिसेंबर १९१० मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे पोलिसांची चार जणांची टपाल-तुकडी कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाली. प्रमुख होता फ्रान्सिस फिट्झजेराल्ड, आणि वाटाड्या म्हणून घेतलेल्या माणसाने ही वाट पूर्वी एकदाच, तीही उलट दिशेने, पाहिलेली होती. एका ओढ्याचे वळण चुकले, ते शोधण्यात अनेक दिवस गेले, आणि माघारी वळण्याचा निर्णय झाला तेव्हा शिधा संपत आला होता. चौघेही परतीच्या वाटेवर मरण पावले. त्यांतले शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे ४० किलोमीटरपर्यंत येऊन पोहोचले होते. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख विल्यम डेम्प्स्टर होता. त्याचेच नाव पुढे या रस्त्याला मिळाले. मी दर सकाळी वहीत एक ओळ लिहितो: आज कोणत्या खुणेपर्यंत, किती वाजेपर्यंत आणि किती इंधन शिल्लक असताना परत फिरायचे. हा निर्णय ताजेतवाने असताना घेऊन ठेवलेला बरा, कारण संध्याकाळी थकलेल्या मनाला समजावणारे शेजारी कोणी नसते.

अलास्कातला डाल्टन महामार्गही उत्तरेला जातो, परंतु त्यावर कोल्डफुट ते डेडहॉर्स या सुमारे ३८५ किलोमीटरांत इंधन किंवा कोणतीही सेवा मिळत नाही, जड ट्रकांची रहदारी सतत असते, आणि शेवटी तेलक्षेत्रामुळे स्वतःच्या गाडीने समुद्रापर्यंत जाता येत नाही. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डेम्प्स्टरच सुचवेन, कारण वाटेत ग्विचिन या मूळ रहिवाशांची गावे आहेत आणि त्या गावांत थांबून बोलता येते.

मुक्काम आणि अस्वले

युकॉन सरकारची मुक्कामस्थळे साधी आणि फार चांगली आहेत. अनेक ठिकाणी प्रवेशापाशी खांबावर एक पेटी असते. पाकिटावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहून, पैसे घालून ते पेटीत टाकायचे आणि पाकिटाचा फाटलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. शेकोटीचे सरपण त्या शुल्कातच मिळते. सरपण दुसरीकडून वाहून आणू नये, कारण त्यातून झाडांची कीड पसरते. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा गाळूनच प्यावे.

अस्वलांच्या प्रदेशात मुक्कामाची शिस्त वासाभोवती फिरते. अन्न, कचरा, भांडी, साबण, टूथपेस्ट, ज्या कपड्यांत मासा तळला ते कपडे, यांतले काहीही तंबूत ठेवू नये. ते बंद गाडीत किंवा मुक्कामस्थळी असलेल्या लोखंडी पेटीत ठेवावे. एकट्या माणसाने मऊ तंबूपेक्षा गाडीतच झोपण्याची सोय करावी असे माझे मत आहे, कारण वाऱ्या-पावसात आणि मनाच्या स्वस्थतेसाठीही ती बरी पडते.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, म्हणून तो व्हाइटहॉर्ससारख्या गावीच विकत घ्यावा. तो पाठीवरच्या पिशवीत न ठेवता कमरेला किंवा छातीला, एका हाताने निघेल असा लावावा, आणि सुरक्षेची क्लिप अंगठ्याने काढण्याचा सराव आधी करावा. अस्वल धावून येत असेल तर ते पाच ते दहा मीटरांवर आल्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, त्याच्या तोंडापुढे खालच्या बाजूला फवारावे. तंबूवर किंवा कपड्यांवर तो शिंपडून ठेवणे उलट धोक्याचे आहे, कारण वाळलेल्या फवाऱ्याचा वास अस्वलाला ओढून आणतो. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवू नये, तो फुटतो.

चालताना मोठ्याने बोलत राहावे किंवा गाणे म्हणावे, विशेषतः ओढ्याच्या आवाजात आणि वळणांवर. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो, तर काळ्या अस्वलाला तो नसतो. नुसत्या रंगावरून ओळखू नये, कारण काळी अस्वले तपकिरीही असतात. अस्वल समोर आले तर पळू नये. शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे लक्ष ठेवून मागे सरकावे. पिल्ले वाचवण्यासाठी ग्रिझलीने अंगावर झेप घेतलीच तर पालथे पडून, पिशवी पाठीवरच ठेवून, हातांची बोटे मानेमागे गुंफून निश्चल राहावे. पण हल्ला थांबतच नसेल, किंवा अस्वल मागावर राहून आले असेल किंवा रात्री तंबूत शिरले असेल, तर सर्व शक्तीनिशी झुंजावे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वले आणि लांडगे यांच्यापासून १०० मीटर, तर मूस आणि इतर हरणांपासून ३० मीटर अंतर ठेवण्यास सांगितलेले आहे. डेनालीत अस्वलांसाठी ते ३०० यार्ड आहे. मूस मादी पिल्लासोबत असेल तर ती अस्वलाइतकीच धोक्याची असते. लिआर्डच्या परिसरात बायसनचे कळप संधिप्रकाशात रस्त्यावरच उभे असतात, आणि त्यांचा गडद रंग डांबरात मिसळून जातो.

उद्याने

क्लुआनी राष्ट्रीय उद्यानाच्या आत रस्ते जवळजवळ नाहीत. कॅनडाचे सर्वोच्च शिखर माउंट लोगन, ५,९५९ मीटर, रस्त्यापासून फार आत हिमक्षेत्रात आहे आणि आपण महामार्गाने कडेकडेने जातो. हेन्स जंक्शनजवळील कॅथलीन सरोवराच्या काठी मुक्काम करावा. उद्यानात रात्र काढायच्या पायपिटीसाठी नोंदणी करणे आणि परतल्यावर ती बंद करणे आवश्यक आहे. क्लुआनी सरोवराच्या दक्षिण टोकाशी एका रुंद, धुळीने भरलेल्या पात्रावरून पूल जातो, तिथे जरूर थांबावे. २०१६ च्या वसंतात कास्कावुल्श हिमनदी मागे हटल्याने तिचे पाणी काही दिवसांतच दुसऱ्या खोऱ्याकडे वळले आणि इकडची स्लिम्स नदी आटली. वारा सुटला की त्या कोरड्या गाळाचे ढग रस्त्यावर येतात. तेव्हा काचा बंद करून सावकाश पुढे जावे. मागच्या डोंगरावर पांढऱ्या डाल मेंढ्या दिसतात, त्यासाठी दुर्बीण बाहेर काढून ठेवावी.

डेनालीत उन्हाळ्यात खासगी गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंत, सॅव्हेज नदीपर्यंतच नेता येते, आणि पुढे उद्यानाच्या बसने जावे लागते. टेक्लानिका मुक्कामस्थळी किमान तीन रात्रींची नोंदणी असेल तर २९ मैलांपर्यंत स्वतःची गाडी नेता येते, आणि एकट्याला ही सोय फार उपयोगी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स येथील दरड सरकल्याने ४३ व्या मैलापुढचा रस्ता बंद झाला, म्हणून जाण्यापूर्वी बस कुठवर जाते ते उद्यानाकडून समजून घ्यावे. रॅंगल-सेंट एलियास हे अमेरिकेचे सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. चिटिनाहून मॅकार्थीकडे जाणारा ६० मैलांचा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरून जातो आणि पावसानंतर रुळांचे जुने खिळे अजूनही वर येतात. रस्ता नदीवरच्या पादचारी पुलापाशी संपतो. पलीकडे केनेकॉटची, १९३८ साली बंद झालेली, तांब्याची खाण आणि तिची लाल लाकडी गिरणी आहे.

दक्षिणेकडून कॅनडाच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानामार्गे येणार असाल तर लार्च व्हॅलीसारख्या काही वाटांवर अस्वलांच्या मोसमात चार जणांनी एकमेकांना धरून, एका गटात चालणे सक्तीचे केले जाते, हे एकट्याने ध्यानात ठेवावे. तिथे वाटेच्या तोंडाशी थांबून इतरांना सोबत घेण्याची विनंती करावी. लोक आनंदाने घेतात.

मागे कोणाला काय सांगून निघावे

मोबाइलचे जाळे गावापुरतेच असते, त्यामुळे तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांकही तिथेच चालतो. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे आणि ते गाडीच्या खणात न ठेवता अंगावर बाळगावे, कारण पाय मुरगळून खड्ड्यात पडलेल्या माणसाला खणापर्यंत पोहोचता येत नाही. घरच्या एका विश्वासू व्यक्तीला लेखी आराखडा द्यावा: गाडीचे वर्णन आणि क्रमांक, रोजचा मुक्काम, दिवसातून एकदा कोणत्या वेळी संदेश येईल, आणि तो आला नाही तर किती तास थांबून कोणत्या पोलिस ठाण्याला फोन करायचा. मी १२ तास ठरवतो. यापेक्षा कमी ठेवले तर साध्या पंक्चरनेही शोध सुरू होतो, आणि जास्त ठेवले तर थंडीत भिजलेल्या माणसाला ते महागात पडते. मार्ग बदलला तर आधी संदेश पाठवावा आणि मगच गाडी वळवावी. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये. रस्त्यावर उभी असलेली गाडी शोधणाऱ्याला दिसते, झुडपांतला माणूस दिसत नाही. शून्याखाली चालेल अशी झोपण्याची पिशवी, पाणी आणि तीन दिवसांचे न शिजवता खाता येईल असे अन्न गाडीत कायम असावे.

प्रवास संपवून शेवटच्या मोठ्या गावात पोहोचल्यावर गाडी खालून भरपूर पाण्याने धुवावी, कारण डेम्प्स्टरचे कॅल्शियम क्लोराइड लोखंड खाते. आणि त्याआधी, पंपावर गाडी उभी असतानाच, आराखडा ज्याच्याकडे आहे त्याला आपण सुखरूप परतल्याचे कळवावे, म्हणजे त्याला ठरलेल्या तासाला पोलिसांना फोन करायला नको.